गळ्याचं गाऱ्हाणं

पुणे,
१८ फेब्रुवारी २०२५

ती. मामांना नमस्कार.

माझ्या स्वरतंतूवर गाठ आहे. काल संध्याकाळी डॉक्टरांनी नाकातून दुर्बीण घालून पाहिलं आणि तसं पक्कं सांगितलं. कॅन्सर नाही. हे वाक्य मामीला आधी वाचून दाखवा, नाहीतर ती देव पाण्यात घालून बसेल. वर्षानुवर्षं ओरडून आलेली साधी गाठ आहे, गायकांना आणि शिक्षकांना येते तशी. डॉक्टरांनी विचारलं, "काम काय करता?" मी म्हटलं, मुलींच्या बास्केटबॉल संघाची प्रशिक्षक आहे. त्यांनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं, जणू निदान तेच होतं.

ऑपरेशन लहान आहे. पण त्यानंतर तीन आठवडे एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, आणि पुढे दोन-अडीच महिने ओरडणं बंद. आमची लीग सहा एप्रिलला सुरू होते आणि मे महिन्यात संपते. म्हणजे आत्ता ऑपरेशन केलं तर अख्खा हंगाम गेला. मुठा रेंजर्सशी माझा करार या हंगामापुरताच आहे, आणि मुक्या प्रशिक्षकाला पुढचा करार कोण देणार? म्हणून ऑपरेशन जूनमध्ये करायचं ठरवलंय. डॉक्टरांना ते पटलेलं नाही. "आणखी तीन महिने असंच ओरडलात तर पुढे आवाज कसा राहील ते मी सांगू शकत नाही," म्हणाले.

क्लबमध्ये मी सर्दी झाल्याचं सांगितलं आहे. तुम्हाला लिहितेय, कारण कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना, आणि तुमच्याशी फोनवर बोलायचं म्हणजे ओरडावंच लागतं. पॉवरहाउसच्या घरघरीत तुमचा कान गेला, आता तुमच्या कानापायी माझा गळा जायला नको. तेव्हा काही दिवस पत्रंच लिहू.

एक विनंती. हे कुणाला सांगू नका. ना वाडीत, ना मुंबईकरांना.

तुमची
मृणाली


निकमवाडी, अलोरे,
२७ फेब्रुवारी

चि. मृणाली हिला महिपतमामाचे आशीर्वाद.

तुझं पत्र आणून देताना रामा पोस्टमन म्हणाला, "काय म्हयपतदादा, कोर्टाची नोटीस हाय की काय? आता कोन लिवतंय पत्रं?" मी म्हटलं, भाचीचं आहे. तरी तो पाकीट फोडायची वाट बघत उभाच. त्याला ग्लासभर ताक पाजलं आणि वाटेला लावलं. म्हणजे बघ, तुझं गुपित मी कसं सांभाळतो ते.

पत्र वाचल्यापासून घास गोड लागत नाही. तुझी आई सगुणा गेली तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. पॉवरहाउसच्या कॉलनीतल्या क्वार्टरात तुला आणलं, तर पंधरा दिवस तू तोंडातून शब्द काढला नाहीस. मग बास्केटबॉलच्या कोर्टावर पोरं चेंडू खेळत होती तिथे जाऊन उभी राहिलीस, आणि एकदम ओरडलीस, "अरे, तो मोकळा आहे, त्याला दे की!" मी ड्यूटीवरून येत होतो. मनात म्हटलं, चला, पोरगी बोलली. तो आवाज कसा राहील ते डॉक्टरला सांगता येत नसेल, तर जूनपर्यंत थांबायचं कशाला?

मामीही तेच म्हणते. काल ती शिवरात्रीसाठी वेळणेश्वरला जाऊन आली. आल्यावर म्हणाली, "मी शंकराला सगळं सांगितलं." मी म्हटलं, कुणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं ना? तर म्हणते, "मनातल्या मनात सांगितलं. मनातलं काय रामा पोस्टमनला ऐकू जातंय?" तिने तुझ्यासाठी ज्येष्ठमध कांडून ठेवलंय. आणि विचारत होती की नोकरी काय पळून जात्ये का.

मला तुमच्या त्या करारातलं काही कळत नाही. पण साहेबांना खरं सांगून टाकलंस तर काय बिघडेल? आमच्या वेळी कुणी आजारी पडला की साहेब स्वतः म्हणायचे, जा घरी, बरा होऊन ये.

शिमग्याला येशील का? पंधरा मार्चला पालखी आपल्या वाडीत आहे.

महिपतमामा


पुणे,
६ मार्च

ती. मामा,

तुमच्या वेळचे साहेब सरकारी होते. नोकरी कायमची होती आणि खुर्चीवर डोळा ठेवून कुणी बसलेलं नव्हतं. आमच्याकडे दोन सामने ओळीने हरलं की लोक प्रशिक्षकाचं नाव बदलायच्या गोष्टी करतात.

हे पद मला कसं मिळालं ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. मी आधी शाळेचे संघ घेतले, मग कॉलेजचे, मग सहा वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली सहायक म्हणून पाण्याच्या बाटल्यांपासून सगळं केलं. दोन वर्षांपूर्वी रेंजर्सने मुलाखतीला बोलावलं. समोर चार संचालक आणि आमचे व्यवस्थापक पेंडसे. बाकी सगळं विचारून झाल्यावर एक संचालक म्हणाले, "सगळं ठीक आहे हो, पण भरलेल्या स्टेडियममध्ये बाईमाणसाचा आवाज पोचेल का?" मी उठले, दार उघडलं आणि तिथूनच खाली पार्किंगमधल्या वॉचमनला ओरडून विचारलं, किती वाजले? त्याने तिथून वेळ सांगितली. संचालक हसले, आणि पद मला मिळालं. आता त्याच माणसांना जाऊन सांगू, की तो आवाज गेला?

शिवाय विनीत आहे. विनीत पाथरे, माझा सहायक. वयाने लहान, अभ्यासू, संघाच्या बैठकीत सगळ्यात पुढे बसून मान डोलवणारा. मला वाटतं, तो माझ्या खुर्चीकडे बघत असतो. परवा विचारत होता, "मॅडम, सर्दी अजून गेली नाही?" त्या प्रश्नात काळजी होती की चौकशी, कळलं नाही.

म्हणून जूनपर्यंत गप्प राहायचं. सरावात मी शिट्टी वापरते, टाळ्या वाजवते. जमतंय. ज्येष्ठमध पाठवा.

शिमग्याला येणं होणार नाही. पालखीपुढे माझ्या वाटचा नारळ तुम्ही ठेवा. आणि पुन्हा सांगते, कुणालाही काही बोलू नका.

मृणाली


निकमवाडी,
१७ मार्च

चि. मृणाली,

तुझ्या नावचा नारळ ठेवला, आणि नुसता नारळ नाही, गाऱ्हाणंसुद्धा घातलं. आता तुझी काळजी आपल्या सुकाईदेवीने घेतली असं समज.

शनिवारी पालखी अंगणात आली तेव्हा उन्हं कलली होती. मुंबईकर झाडून सगळे आलेले. बायकांनी ओट्या भरल्या, पालखी नाचवून झाली, मग घरोघरची गाऱ्हाणी सुरू झाली. कुणाच्या पोरीचं लग्न, कुणाची वाटणी, कुणाच्या पोराची दुबईची नोकरी. आपला नंबर आला तसा धोंडू गुरव माझ्या कानाला लागला. चांगल्या कानाला. "दादा, काय मागनं हाय?" मी सांगितलं. तो म्हणाला, "दादा, नीट सांगा. देवीला अर्धवट सांगू नये, काम बी अर्धवटच व्हतं." ते मला पटलं. मी सगळं नीट सांगितलं.

काय आवाज लावलान धोंडूने! "हे सुकाई माय, आज ह्ये मानकरी, चाकरमानी, ल्हानथोर तुज्यापुढं जमल्येत..." सगळे म्हणाले, "व्हय महाराजा!" "आमच्या म्हयपतरावांची भाची मृणाली, पुन्यात पोरींना चेंडूचा खेळ शिकवत्ये, तिच्या गळ्याला गाठ आल्येय..." "व्हय महाराजा!" "तिनं आपल्या सायबाला कळू दिलेलं नाय, आवाज गेला तर तिची नोकरी जाईल अशी येळ आलीय..." "व्हय महाराजा!" "तर काय वाकडंनाकडं असेल तां दूर कर आनी पोरीचा गळा मोकळा कर गो माय!" एवढ्या माणसांनी एका सुरात व्हय म्हटलं की अंगणातली जमीन हलते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तू म्हणशील, कुणाला सांगायचं नव्हतं. पण देवीला सांगणं म्हणजे कुणाला सांगणं नव्हे.

ज्येष्ठमध ऋत्विकबरोबर मुंबईला पाठवलंय, आपल्या गोदूबाईचा नातू तो, बँकेत आहे. तो पुण्याला पोचतं करील. त्याने गाऱ्हाण्याचा व्हिडिओपण काढलाय, फार छान आला आहे म्हणे.

महिपतमामा


पुणे,
२४ मार्च

मामा,

व्हिडिओ छान आला आहे. मी पाहिला. शनिवारी पेंडसे साहेबांनी मला ऑफिसात बोलावून स्वतःच्या मोबाइलवर दाखवला.

त्यांच्या बायकोचं माहेर आपल्या जवळच्याच मार्गताम्हाण्याचं. तिच्या माहेरच्या ग्रुपवर तो आला, तिथून त्यांच्याकडे, आणि त्यांच्याकडून संचालकांकडे. "हे तुमचंच गाव ना? आणि ही भाची म्हणजे तुम्हीच ना?" मी काय म्हणणार? अख्खी वाडी व्हय म्हणतेय.

साहेब रागावले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "आजाराचं काही नाही, मृणाली. तुम्ही आमच्यापासून लपवलंत." मग ठरलेलं सांगितलं. ऑपरेशन लगेच करायचं. अठ्ठावीसची तारीख घेतली आहे. तोपर्यंत आणि त्यानंतरही विनीत हंगामी प्रशिक्षक. मी घरी विश्रांती घ्यायची. मी म्हटलं, मी बाकावर बसेन. ते म्हणाले, "बोलता न येणारा प्रशिक्षक बाकावर बसून करणार काय?" मी तिथून हलले नाही. शेवटी कंटाळून म्हणाले, पहिले तीन सामने बसा, मग बघू.

एवढी वर्षं राबून मिळवलेली जागा धोंडू गुरवाच्या एका गाऱ्हाण्यात गेली. मी दोन पत्रांत दोनदा लिहिलं होतं, कुणाला सांगू नका. याहून सोप्या मराठीत कसं लिहायचं?

पुढचे काही दिवस पत्र आलं नाही तर वाट पाहू नका.

मृणाली


निकमवाडी,
२९ मार्च

चि. मृणाली,

काल तुझं ऑपरेशन झालं असेल. कसं झालं ते आम्हाला कुणी सांगितलेलं नाही. आम्ही विचारायचं तरी कुठल्या तोंडाने?

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मामीला वाचायला दिलं. ती वाचून उठली, चुलीपाशी गेली आणि तिथून म्हणाली, "मी शंकराला सांगितलं तां मनात सांगितलं." दोन दिवस जेवण वाढते आणि आत जाते.

चूक माझी आहे. मला वाटलं, देवीपुढे जमलेली माणसं म्हणजे देवीचीच. त्यांच्या खिशात मोबाइल असतात हे माहीत असूनही डोक्यात आलं नाही. ऋत्विकला फोन लावला. त्याने व्हिडिओ पुसला, पण म्हणाला, "काका, मी पुसून काय उपयोग? आता तो माज्या हातात ऱ्हायला नाय."

मग धोंडूकडे गेलो. म्हटलं, गाऱ्हाणं मागे घेता येतं का? तो म्हणाला, "दादा, घातलेलं गाऱ्हानं परत घेत नायत. अर्ज हाय काय तो? पन वर दुसरं घालता येतं. आता नोकरीचं घालू या का, मोठ्यानं?" मी त्याला हात जोडले आणि घरी आलो.

एकदा वाटलं, गाडी पकडावी आणि पेंडसे साहेबांना भेटून सांगावं की पोरीचा दोष नाही. मामीने पिशवी हातातून काढून घेतली. "तुम्ही गेलात तर ऱ्हायलेली नोकरी पन जाईल," म्हणाली. तेव्हा येत नाही.

उद्या पाडवा. गुढी उभारू. तुला लिहावंसं वाटलं तर लिही. नाही वाटलं तरी मी रामाची वाट बघणार.

मामा


पुणे,
१५ एप्रिल

ती. मामा आणि मामी,

ऑपरेशन नीट झालं. गाठ काढली, तपासणीत काही निघालं नाही. तुमचं पत्र उशाशी ठेवलं होतं. राग होता म्हणून उत्तर दिलं नाही, आणि राग गेला तेव्हा सामने सुरू झाले. धोंडूने "अर्ज हाय काय तो" म्हटल्याचं वाचून मला हसू आलं आणि हसायलाही मनाई असल्याने तोंडावर उशी धरावी लागली.

तीन सामने झाले. सांगते.

टाइमआउट म्हणजे सामना थांबवून संघाशी बोलायची मुभा. मिनिटभर मिळते. पहिल्या सामन्यात विनीत उभा आणि मी बाकाच्या टोकाला, मांडीवर पांढरी पाटी आणि मार्कर घेऊन. मी लिहिलं, "डावीकडून. आरोहीला पास. लवकर." विनीतने पाटी घेतली आणि म्हणाला, "बघा मुलींनो, मॅडमना असं म्हणायचंय, की आपण जेव्हा डावीकडचा विचार करतो, तेव्हा त्यामागची भूमिका..." घंटा झाली. मुली भूमिका घेऊन मैदानात गेल्या आणि आम्ही वाईट हरलो. दुसऱ्या सामन्यातही मी चार शब्द लिहायची आणि तो त्याचं प्रवचन करायचा. तोही हरलो. पेंडसे साहेब मागे हाताची घडी घालून बसलेले.

तिसऱ्या सामन्यात, चेन्नईच्या संघाविरुद्ध, मध्यंतरापर्यंत आम्ही मागे होतो. टाइमआउट घेतला. विनीतने "बघा मुलींनो" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात आमची कर्णधार ऋतिका म्हणाली, "सर, एक मिनिट हं," आणि तिने पाटी काढून घेतली. लिहिलेलं जसंच्या तसं वाचलं. मग मान वर करून स्वतःचं एकच वाक्य जोडलं, "आणि सानवी, तू झोपलीयेस का गं?" ते मी लिहिलं नव्हतं, पण माझ्या मनात तेच होतं. सगळ्या हसल्या, सानवीपण. मग खेळल्या, आणि आम्ही जिंकलो.

मला वाटलं विनीतला लागलं असेल. सामन्यानंतर तो माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "मॅडम, बरं झालं. तुमचं काही राहून जाईल या भीतीने मी सगळंच बोलत सुटायचो. मला हे पद नको होतं, पण नाही म्हटलं तर तुम्हालाच पुढे अडचण होईल असं वाटलं." मी पाटीवर लिहिलं, "चहा?" आता टाइमआउटला ऋतिका बोलते, आणि विनीत पंचांशी बोलतो. पंचांना प्रवचन चालतं.

पेंडसे साहेबांनी हंगामभर बाकावर बसायची परवानगी दिली आहे. पुढच्या कराराचं अजून काही नाही. शुक्रवारी तीन आठवडे पूर्ण होतात.

मामी, मामा जेवताना आता त्यांच्यापाशी बस.

मृणाली


निकमवाडी,
२२ एप्रिल

चि. मृणाली,

तुझं पत्र आलं आणि मामी आतून बाहेर आली. शेवटची ओळ तिने स्वतः वाचली आणि म्हणाली, "पोरीने सांगितलंन म्हनून." पण भाताबरोबर सोलकढीही वाढली.

पेपरात तुमच्या लीगची बातमी कोपऱ्यात येते, ती मी रोज शोधतो. शनिवारचा सामनाही जिंकलात. रामा आता विचारतो, "दादा, आपली पोरगी कितीनं जिंकली?" तुझी पत्रं मात्र मी कुणालाही वाचून दाखवलेली नाहीत. धोंडूने विचारलं तेव्हा एवढंच सांगितलं की ऑपरेशन झालं. तो म्हणाला, "बगा, देवीनं आयकलंन." मी वाद घातला नाही.

कलमांना यंदा आंबा बेताचा आहे. आठ-दहा दिवसांत पहिले आंबे पिकायला अढीत घालू.

आता तुला बोलता येत असेल. फार बरं झालं. चार दिवस जपून बोल, मग पहिल्यासारखं होईल. त्या ऋतिकाने तुझं काम छान निभावलं, तिला शाबासकी दे आणि पाटी परत घे. दोन महिने गेले की पुन्हा तुझा आवाज पार कोर्टाच्या टोकापर्यंत जाईल आणि सगळं होतं तसं होईल.

मामा


पुणे,
८ मे

ती. मामा, मामी,

होतं तसं होणार नाही. ते आधी सांगते, मग बाकीचं.

अठरा एप्रिलला बोलायची परवानगी मिळाली. तीन आठवड्यांनंतर पहिला शब्द काय बोलायचा याचा मी बराच विचार करून ठेवला होता. डॉक्टरांनी "आ" म्हणायला लावलं. तो "आ" जरा घोगरा निघाला, पण निघाला.

दुसऱ्याच दिवशी सामना होता. टाइमआउट झाला, मुली गोळा झाल्या. मी पाटी बाजूला ठेवली आणि हळू आवाजात बोलायला सुरुवात केली. कुणी माझ्याकडे बघेना. सगळ्यांच्या माना ऋतिकाकडे. मग आरोही म्हणाली, "ए, थांबा ना, मॅडम काहीतरी म्हणतायत." घरात आजी काही बोलायला लागली की म्हणतात ना, तसं. मी बोलले, मुलींनी ऐकलं, सामना जिंकलो. घरी आले आणि दार लावून रडले. वाटलं, गाठ काढली आणि तिच्याबरोबर मलाही काढलं.

दुसऱ्या दिवशी सरावात मनाई असूनही मी एकदा ओरडून पाहिलं. "डावीकडे!" दाराची बिजागरी वाजावी तसा आवाज आला. मुली हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर चाललं असतं. ऋतिका पाण्याची बाटली घेऊन आली आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही ओरडू नका ना. तुम्ही ओरडत होतात तेव्हा आम्ही एकमेकींशी बोलतच नव्हतो." तिने ते सहज म्हटलं. मी दोन दिवस त्यावर विचार करत होते.

मामा, एक गोष्ट मला या महिन्यात कळली. ओरडायचे तेव्हा माझं सगळं लक्ष चेंडूवर असायचं. जिथे चेंडू तिथे माझा आवाज. गप्प बसायला लागल्यावर चेंडू हातात नसलेल्या चार मुली दिसायला लागल्या. सानवी झोपत नव्हती. तिचा डावा घोटा दुखायचा, म्हणून ती त्या बाजूला पळायचंच टाळायची, आणि मी दोन वर्षं तिच्यावर ओरडत होते. तिची जागा बदलली, घोट्याला फिजिओ लावला. गेल्या चारही सामन्यांत तिचे गुण सगळ्यांपेक्षा जास्त आहेत. टाइमआउट अजून ऋतिकाच घेते. सामन्याआधी आणि नंतर मी एकेकीशी बसून बोलते, हळू आवाजात, त्यांना खुर्ची पुढे ओढावी लागते एवढ्या हळू. आम्ही शेवटच्या चारांत आलो आहोत.

काल पुन्हा दुर्बीण घातली. जखम भरली आहे. पण डॉक्टर म्हणाले, पहिल्यासारखं ओरडणं आता कधीच नाही, गाठ परत येईल. या वेळी मी कुणाला कळायची वाट पाहिली नाही. तिथून थेट पेंडसे साहेबांकडे गेले आणि स्वतः सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "आधी माझ्याकडे आलात हे बरं केलंत. पण संचालकांपुढे तुम्हालाच सांगावं लागेल." कोलकात्याचे एक मोठ्या नावाचे प्रशिक्षक सध्या मोकळे आहेत. चारपैकी दोन संचालकांना ते हवे आहेत, या उपांत्य सामन्यापासूनच. विनीतने संचालकांना लिहून दिलंय की तो सहायक राहील, पण माझ्याच हाताखाली. साहेब कुणाकडे झुकतील ते त्यांच्या तोंडावरून कळत नाही.

बैठक मंगळवारी तेराला दुपारी चार वाजता आहे. ज्यांनी मला बाईमाणसाच्या आवाजाचं विचारलं होतं, तेही असतील. मी पाटी नेणार नाही आणि ऋतिकालाही नेणार नाही. मी त्यांना सांगणार आहे की माझा आवाज आता इतकाच आहे, त्यांच्या टेबलाच्या पलीकडे पोचेल एवढा. संघ घडवायला तो पुरतो, हे या हंगामात त्यांनी पाहिलं आहे. हवी असेन तर अशी. त्यांनी नाही म्हटलं तर मला वाईट वाटेल, खूप वाटेल. पण पुन्हा लपवून नोकरी करायची नाही, आणि दुसरीकडे कुठे विचारायला गेले तर पहिल्याच वाक्यात हे सांगायचं, एवढं ठरलं आहे.

उपांत्य सामना शनिवारी सतराला संध्याकाळी सहा वाजता, इथेच पुण्यात. तुम्ही दोघं या. मंगळवारी काय झालं ते कळायची वाट बघत बसू नका, चिपळूणला जाऊन शुक्रवारच्या एसटीची तिकिटं आत्ताच काढा. मी बाकावर असले तर तुमच्या जागा माझ्या मागच्याच रांगेत आहेत. नसले तर तिसरं तिकीट काढून मी तुमच्या शेजारी येऊन बसेन. दोन्हीकडून आपल्या मुली दिसतात. फक्त मामीला सांगून ठेवा, त्या दिवशी ओरडायचं काम तिचं.

मृणाली